पंधरा दसऱ्यांची फटफटी

मोतीलालची चिठ्ठी आली तेव्हा मी कुरडयांचा चीक घोटत होते. हिलालने ती तिथेच उभ्याने वाचून दाखवली. मला अक्षरं येतात, पण चीक घोटताना हात सोडला तर गाठी होतात. चिठ्ठीला गाठी होत नाहीत.

"चि. भागाबाईस शिरपूरहून मोतीलालचे आशीर्वाद. घराच्या धाब्यावरून पडलो, पाय मोडला. प्लास्टर आहे. पंधरा वर्षं भाऊबीजेला मी तुझ्या दारी आलो. आता मला येववत नाही. या आखाजीला तू ये. तुझी शपथ तुझ्यापाशी, माझा पाय माझ्यापाशी."

हिलालने चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. थोरला मुलगा माझा, बत्तीस वर्षांचा, पण आईकडे बघताना अजून शाळा बुडवल्यासारखा बघतो.

"माय, एसटीने आठ कोस. सकाळी बसलं की दुपारच्या आत शिरपूर."

"फटफटी चालू झाली की सांग," मी म्हटलं आणि चीक घोटत राहिले. पण त्या घाण्याच्या कुरडया बिघडल्या, हे खरं.

शपथेची गोष्ट आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी मी परत सांगते, कारण माझी नणंद बेबाबाई ती तिखटमीठ लावून सांगते. छप्पन सालची आखाजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते, मग ती वीस वर्षांची असो की पन्नास. आबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी (नाव घ्यायची रीत नाही, लिहायचीही नाही), लढाई संपल्यावर देवळालीच्या लिलावात लष्कराची बीएसए फटफटी घेतली होती. तिच्यावरून ते धुळ्याच्या बाजाराला जायचे आणि वाटेतल्या सगळ्यांचे बैल उधळवायचे. त्या वर्षी म्हणाले, "भागा, तुला माहेरी फटफटीवर नेतो." मी नवं लुगडं नेसले, सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि बसले. सगळा गाव दारात. फटफटी कोंडवाड्यापर्यंत गेली, खोकली आणि मेली. आबांनी तिला शिव्या दिल्या, सगळ्यांसमोर लाथ घातली, पण हूं नाही की चूं नाही. परत यायला मिळाली ती शेणखताची गाडी. दारात बेबाबाई उभी. ती आखाजीला तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या घरी, आलेली. म्हणाली, "काय वं वहिनी, गेलीस राणीसारखी आणि आलीस खतासारखी?"

मी तिथेच, शेणाच्या पायांनी, तापीमायची आण घेतली. "शिरपूरला जाईन तर याच फटफटीवर बसून जाईन. नाहीतर माहेरचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

बोलले खरी. बोललेलं मी गिळत नाही. चीक असो की शब्द, एकदा घोटला की घोटला.

आबांनी फटफटी कडब्याच्या खोलीत नेऊन उभी केली आणि पान्याला हात लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, "रुसली आहे ती." बायको रुसली तर यांना चार दिवस पत्ता लागत नाही, फटफटी रुसलेली मात्र लगेच कळली! पण दसऱ्याला तिला बाहेर काढायची, पुसायची, हार घालायचा. हळदकुंकू मी लावायची, नारळ ते फोडायचे. आपट्याचं सोनं वाहायचं, आणि परत कडब्यात. असे पंधरा दसरे झाले.

चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी हिलाल धुळ्याहून गिरधर मिस्त्रीला घेऊन आला. मायसाठी आणला, असं तो सगळ्यांना सांगत होता. खरं तर हिलाल सोसायटीत कारकून. तिथला चपराशी राजदूतवर येतो आणि हा सायकलवर. फटफटी चालू झाली की आई एक दिवस बसणार आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपण, असा त्याचा हिशेब होता. मी त्याला नऊ महिने पोटात ठेवलंय, त्याचे हिशेब मला पाठ आहेत.

गिरधर मिस्त्री वाळकुडा माणूस. बोटं अशी काळी की भाकरीवर ठसे उठायचे. फटफटीभोवती त्याने तीन फेऱ्या मारल्या, टाकीवर टिचकी मारली, किकेवर पाय ठेवला. किक दगडासारखी.

"आबा, जीव आहे हिच्यात," तो म्हणाला.

"नाडी बघितलीस का?" मी विचारलं.

"अक्का, दट्ट्या आत चिकटलाय. रॉकेल आणि तेल पाजावं लागेल. आठ दिवस."

आठ दिवस त्याने वरून रॉकेल पाजलं. घरात चिमणीला रॉकेल नाही आणि फटफटीला वाटीवाटीने. नवव्या दिवशी हिलाल किकेवर उभा राहून उड्या मारत होता, तेव्हा किक एकदम खाली गेली आणि तिच्याबरोबर हिलालही, सरळ गव्हाणीत. सून मंदा पदर तोंडात घालून हसली. नवऱ्याला हसते म्हणून मी डोळे वटारले. मग मीही आत जाऊन हसले.

दट्ट्याच्या कड्या जळगावहून आणल्या, टायर धुळ्याच्या जुन्या बाजारातून. मॅग्नेटो नावाचा एक डबा असतो, त्याची तार नव्याने गुंडाळून आणली. सगळं झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "आता टाकी. आतून गंज असेल. काढून धुवावी लागेल."

"टाकीला पाना लावायचा नाही," मी म्हटलं. "तिच्यावर माझ्या हातचं स्वस्तिक आहे. टाकी मी धुते."

आणि धुतली. चिंच, राख, नारळाची शेंडी. स्वस्तिक तेवढं सोडलं, बाकी अशी घासली की तीत बघून कुंकू लावावं.

"आतूनही ना, अक्का?"

"गिरधर, भांडं कसं धुवायचं ते तू बाईमाणसाला शिकवणार?"

तो पाना पुसत बसला. आतून विसळायचं राहिलंच होतं. बुचाच्या भोकातून हात जात नाही, आणि सांडगे उन्हात टाकायचे होते. पण मिस्त्रीला कशाला सांगायचं?

आखाजीच्या दोन दिवस आधी बेबाबाई ट्रंक घेऊन हजर झाली. दरवर्षीप्रमाणे उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आले बाई माझ्या माहेरी!" आणि दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. मंदाला तिने जवळ घेतलं. दोघींचं भारी गूळपीठ. बेबाबाई आली की मंदाला माझे पंधरा वर्षांचे गुन्हे नव्याने ऐकायला मिळतात.

संध्याकाळी फटफटी पहिल्यांदा चालू करायची ठरली. सगळे अंगणात. बेबाबाई मुद्दाम फटफटीच्या मागे उभी राहिली. का, तर म्हणे पुढे उभं राहिलं तर अंगावर येईल. हिलालने किक मारली. एकदा, दोनदा, सात वेळा. आठव्या वेळी तोफ उडावी तसा आवाज झाला आणि धुराच्या नळीतून सरकीसकट कापूस, उंदराचं अख्खं घर आणि माझ्या जुन्या पोलक्याची एक बाही अशी सगळी वरात बेबाबाईच्या अंगावर आली. कापूस केसांत, बाही खांद्यावर. त्या पोलक्यापायी मी परटिणीशी चार वर्षं बोलत नव्हते.

फटफटी मात्र धडधडत होती. आबांनी पुढे येऊन टाकीवर हात ठेवला आणि तो कितीतरी वेळ तसाच ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

"वहिनी, तू मुद्दाम केलंस हे," कापूस झाडत बेबाबाई म्हणाली.

"मी उंदरांना सांगून ठेवलं होतं," मी म्हटलं.

आखाजीचा दिवस उजाडला. उन्हाच्या आधी निघायचं, म्हणून मी पहाटेच न्हाऊन नवं लुगडं नेसले. हिलाल म्हणाला, "माय, आधी मी एक चक्कर मारून बघतो."

गेला. मारुतीच्या पारापाशी फटफटी खोकली आणि गप्प झाली. ढकलत आणली. मिस्त्रीने काहीतरी फिरवलं, चालू झाली. परत गेला, परत पार, परत गप्प. तिसऱ्यांदाही तेच. पारावरच्या म्हाताऱ्यांनी चौथ्या वेळी हिलालसाठी जागा करून ठेवली.

मग अंगणात कोर्ट बसलं.

"पेट्रोलमध्ये रॉकेल आहे," आबा म्हणाले.

"मिस्त्रीच्या डोक्यात रॉकेल आहे," हिलाल म्हणाला.

"जळगावच्या कड्या बोगस आल्या," मिस्त्री म्हणाला.

"जळगावचं काही बोगस नसतं," मंदा आतून म्हणाली, कारण तिचं माहेर जळगावजवळ. "आज पितरांचा दिवस. पारावर पितर बसतात. त्यांना ओलांडून गाडी कशी जाईल?"

"पितरांना फटफटीचं काय?" हिलाल म्हणाला.

"तुमच्या आजोबांना विचारा. ते बसले असतील."

हे सगळं चालू असताना बेबाबाई शांतपणे सुपारी कातरत होती. तिचं शांत बसणं मला कधीच मानवलं नाही. सुपारी तोंडात टाकून ती म्हणाली, "दादा, हिची शपथ आडवी येते. शपथ माझ्यासमोर घेतली, तर ती मीच सोडवू शकते. वहिनीने माझ्या पायावर तांब्याभर पाणी घालावं, मी म्हणते सोडली. उद्या एसटीत बसावं आणि भावाला भेटून यावं. माझं काय जातं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबासुद्धा. आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की ते माझ्यासाठी पाण्याचा तांब्या मनातल्या मनात भरून मोकळे झाले आहेत.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं, "आणि तांब्या घासायचा आहे."

आत आले. मोतीलाल शिरपूरला दारात बाज टाकून बसला असणार, हे मला आत येऊनही दिसत होतं. भाऊ असा की त्याला वाट बघायला सांगावं लागत नाही. आणि हेही दिसत होतं, की संध्याकाळी फटफटी चालली नाही तर मी बेबाबाईच्या पायावर पाणी घालणार. घालणार म्हणजे घालणारच. पायच मोडलाय त्याचा. त्या पाण्याची आठवण मात्र ती मला मरेपर्यंत पाजणार.

दुपारी घागर पुजली. पाण्याने भरलेली घागर, वर खरबूज, आंबा, दोन सांजोऱ्या, पितरांसाठी. अक्षता वाहायला मी चिमूट उचलली आणि हात तिथेच थांबला. चिमटीला काहीतरी आठवलं, डोक्याच्या आधी.

पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी भरवतो. शिंगांना नुसती दाखवून परत आणत नाही. मग दसऱ्याला फटफटीच्या डोक्यावर सोनं ठेवलं, तर तिच्या तोंडात काय पडलं? म्हणून पहिल्याच दसऱ्याला, आबा नारळ आणायला आत गेले तेव्हा, मी टाकीचं बूच उघडलं, आपट्याचं एक पान आत सोडलं आणि बूच लावलं. पुढे दर दसऱ्याला. एकही चुकवला नाही.

मोरीच्या भोकावर मेथीचं पान बसलं की पाणी तुंबतं. पान हललं की वाहतं. एवढं कळायला मिस्त्री असावं लागत नाही, भांडी घासलेली असावी लागतात. टाकीतलं पेट्रोल वाहायला लागलं की पान ओढत तोटीवर जातं आणि बसतं. ढकलत, हलवत आणली की सुटतं. पार मध्ये येत नव्हता, पितर येत नव्हते, शपथही येत नव्हती. मी येत होते.

आणि टाकी मी धुतली होती. अशी की बघून कुंकू लावावं.

आता मंदाचं सांगते. हे तिने मला पुढे सांगितलं, म्हणून माहीत. पुरणपोळी आणि आमरसाने सगळं घर आडवं झालं होतं. मिस्त्री ओट्यावर घोरत होता, हिलाल त्याच्या शेजारी, बेबाबाई माजघरात. मंदा पाणी प्यायला उठली तर अंगणात काय, सासू नव्या लुगड्याचा कासोटा खोचून फटफटीला मिठी मारून उभी, आणि मोडक्या छत्रीची काडी वाकवून टाकीच्या तोंडात घातलेली. तिला वाटलं, उन्हाने मला भ्रम झाला.

"अक्का, काय करताय?"

"फटफटीच्या कानातला मळ काढतेय. जा, झोप."

तेवढ्यात काडीच्या टोकाला लागून एक काळं, लिबलिबीत पान बाहेर आलं. मंदाने ते बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वस्तिकाकडे. पोरगी जळगावकडची. तिकडची माणसं हळू बोलतात, पण समजतं त्यांना लवकर.

"आपटा?" ती म्हणाली.

मी पान मुठीत दडवलं.

"तुम्ही घातलं?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाही, अक्का. मी फक्त विचार करतेय, आत्याबाईंची झोप किती सावध आहे त्याचा."

बघा. एवढे दिवस मी समजत होते की ही बेबाबाईकडून माझे गुन्हे ऐकते. ती धंदा शिकत होती.

"काय पाहिजे तुला?"

मंदाने डोक्यावरचा पदर सारखा केला. "सहा वर्षं झाली लग्नाला. मी एकदाही आखाजीला माहेरी गेले नाही."

"मी पंधरा वर्षं गेले नाही. मेले का?"

"तुम्ही तुमच्या शपथेपायी. मी कोणाच्या शपथेपायी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. फक्त त्या घटकेला सापडलं नाही, आणि अजूनही शोधतेय.

"उद्या जा," मी म्हटलं. "चार दिवस."

"पंधरा."

"आठ."

"आत्याबाई..." तिने माजघराकडे तोंड केलं.

"पंधरा! आणि पापड घेऊन जा. धर ही काडी."

तिचा हात माझ्यापेक्षा बारीक. एकेक पान ती अलगद काढत होती आणि मी मोजत होते. नऊ, दहा, अकरा. पेट्रोलने डोळे चुरचुरत होते. तेरा, चौदा, पंधरा. मी बूच उचललं.

"थांबा, आहेत अजून."

"अजून कशी असतील? पंधरा दसरे, पंधरा पानं. मला मोजता येत नाही?"

सोळावं निघालं. मग सतरावं. एकोणतीस निघाली! एकोणतीस! मी ओळीने मांडून परत मोजली.

"तुम्ही दोनदोन घातली असतील."

"एकच. मी काय वेडी आहे, दोन घालायला?"

"मग ही कुठून आली?"

"पिल्लं झाली असतील," मी म्हटलं आणि सगळी पानं ओच्यात घेऊन उकिरड्याकडे पळाले. पन्नाशीत असं पळाले की कोंबड्यांनी वाट दिली.

चारच्या चहाला मी सांजोऱ्या वाढल्या. हात तीनदा धुतले होते, तरी बेबाबाईने पहिलाच घास नाकाशी नेला.

"वहिनी, सारणाला वास कसला येतोय?"

मी चहाची किटली उचलली. मंदा म्हणाली, "जायफळ, आत्याबाई. अक्कांनी यंदा जरा जास्त घातलं."

बेबाबाईने मंदाकडे बघितलं. आपलं माणूस दुसऱ्याच्या पंगतीला बसलेलं बाईला लगेच कळतं. तिने सांजोरी खाल्ली, पण मुकाट्याने, आणि दिवसभर तिच्याजवळ बसायची मंदा आता माझ्याजवळ बसली होती, ते बघत.

तेवढ्यात मिस्त्री जांभई देत उठला, मॅग्नेटोचा एक स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि हिलालला म्हणाला, "आता मार चक्कर."

फटफटी पारावरून गेली. म्हाताऱ्यांनी केलेली जागा तशीच राहिली. गावाला दोन वेढे घालून हिलाल आला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि मिस्त्रीची मान ताठ.

"बघितलं, आबा? सगळा खेळ या अर्ध्या आट्याचा. हे पुस्तकात नसतं. हातात असतं."

"वा मिस्त्री," मी म्हटलं, "तुझ्यासारखा तूच." आणि त्याला टोपी-उपरणं दिलं. मंदाला खोकला झाला.

आता चालवायची कोणी, यावर बाप-लेकाची जुंपली. हिलाल म्हणाला, हात माझा बसलाय. आबा साठीचे. त्यांनी धोतराचा काचा मारला, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि विचारलं, "बायको कोणाची?"

मी मागे गोधडी बांधून एका अंगाने बसले. डबा मांडीवर. बेबाबाई उंबऱ्यातून दोन पायऱ्या खाली आली.

"वहिनी, बसून जाईन म्हणालीस. वाटेत पाय टेकलास तर शपथ गेली. मी शिरपूरहून खबर काढणार."

"काढा. आणि तोपर्यंत तांब्या तुम्हीच घासून ठेवा."

निघालो. पार गेला, कोंडवाडा आला. माझे डोळे मिटलेले. कोंडवाडाही गेला. मी डोळे उघडले तर कापसाच्या उजाड काळ्या रानावरून उन्हाची झळ येत होती, आणि आबा पुढे बसून गाणं म्हणत होते. कोणतं ते कळत नव्हतं. फटफटीला सूर नाही आणि यांनाही नाही. नरडाण्यानंतर आग्रा रोड लागला. ट्रकवाले भोंगे वाजवून जायचे. मी मान वळवली नाही. माहेरी जाणारी बाई इकडेतिकडे बघत नसते.

तापीच्या पुलावर, बरोबर मध्यावर, फटफटी खोकली. आणि गप्प.

खाली तापी, जेमतेम ओघळ. वर आम्ही दोघं. पूल ओलांडला की माझं माहेर. आबांनी फटफटी कठड्याला टेकवली, उतरले आणि माझ्याकडे बघितलं. "उतर."

"नाही."

"भागा, मला बघू तरी दे काय झालं."

"माझा पाय टेकणार नाही. मला धरून बघा."

त्यांनी मला बसलेली तशीच ठेवून किक मारली. दर किकेला मी सुपातल्या दाण्यासारखी उडायची. डब्यातल्या सांजोऱ्यांचा चुरा झाला. एक सरदारजी ट्रक थांबवून म्हणाला, "माताजी, बैठो, छोड़ देता हूँ." मी म्हटलं, "बैठीच है."

ट्रक गेला. ऊन कलत होतं. आबा घामाने भिजलेले, हाताला काळं, आणि तोंड असं, जसं त्या छप्पन साली कोंडवाड्यापाशी होतं. तेच तोंड. माझ्याने बघवेना. बेबाबाईसमोर मी जिंकले होते. इथे कोण होतं जिंकायला?

"लाथ मारू नका तिला," मी म्हटलं. "तिची चूक नाही. टाकीत आपट्याचं पान आहे. दर दसऱ्याला मी एक घालायची. भरवायची म्हणून. दुपारी काढली मंदाने आणि मी. एखादं राहिलं असेल."

एवढं बोलायला मला पंधरा वर्षांतला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी वाट बघत बसले, आता चिडतील, आता हसतील.

आबा म्हणाले, "माले माहीत शे."

"काय माहीत?"

"पान. तुझं नाही, माझं." ते तापीकडे बघत होते. "त्या दिवशी सगळ्या गावासमोर तिला लाथ घातली होती. दसऱ्याला तू नैवेद्य आणायला आत गेलीस की मी एक पान सोडायचो. माफी म्हणून."

मी बोटं मोजली. माझी पंधरा, यांची पंधरा. निघाली एकोणतीस.

"मग दुपारभर मिस्त्रीसमोर गप्प का बसलात?"

"तू टाकी धुतली होतीस ना आतून? मला वाटलं, निघालं असेल."

मी मांडीवरचा डबा उगाच सरळ केला.

"आणि पंधरा वर्षं दुरुस्त का नाही केलीत?"

"करून परत तुला घेऊन बंद पडली असती, तर?" ते म्हणाले. "निदान कडब्यात होती तोवर, जाऊ कधीतरी, असं म्हणता येत होतं."

मी अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातात दिला. केस मानेवर सुटले. सुटू दे. आबांनी बूच उघडलं, एक डोळा मिटून आकडा फिरवला, फिरवला, आणि अखेर तिसावं पान बाहेर ओढलं. काळं, गळकं, पेट्रोलने निथळणारं. ते त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. सोनं घे, सोन्यासारखी राहा."

"वैशाखात दसरा?"

"उशीर झाला थोडा."

मी ते घेतलं आणि कनवटीला खोचलं. लुगड्याला पेट्रोलचा डाग पडला, तो अजून गेला नाही. धुतलं मी, आतून-बाहेरून.

दुसऱ्याच किकेला फटफटी बोलली. आबा दमले होते, पण ऐटीत बसले. शिरपूरला आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागायचे होते. पोरं मागे धावत आली, बाया दारात आल्या. मोतीलालची बाज ओट्यासमोर, त्याचा पांढरा पाय उशीवर. मला बघून तो एका पायावर उभा राहिला, भिंत धरून. बराच म्हातारा झालाय. माझी वहिनी पायावर घालायला तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली, कारण मी जागची हलले नव्हते.

आबांनी फटफटी बंद केली. मोतीलाल डोळे पुसत ओरडला, "भागा, उतर ना वं आता!"

"उतरसू," मी म्हटलं. "पहिले सारी गल्लीले देखू दे."